जवायानं एकदाच इचारलं

७ ऑक्टोबर, दुपारी
कृषी केंद्रवाल्यानं बियाण्यासंग डायरी देल्ली होती. ह्यांनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, दोन पानं फोन नंबर लिहिले अन् सोडून देल्ली. आता माही. मी चवथी पास. अक्षर मोठं येते म्हणून दोन ओळीत एक ओळ लिहिते. कोणाले वाचायची नाही. घरात कोणी आयकत नाही म्हणून लिहून राह्यली.

मुद्दा असा. सलोनीले पाचवा महिना लागला. माही पोट्टी. अकोल्याले शेतीचं शिकली, मंग बेल्जियम देशात गेंट नावाच्या गावाले गेली, तिथंच नोकरी अन् तिथचाच नवरा. योरिस नाव. आमच्या फुलसावंगीच्या घरात येते तर दारातून वाकून येते.

पयलं बाळंतपण माहेरचं असते. ती म्हणते मी तिकडं येत नाही, इथंच डाक्टर, इथंच सगळं. ठीक हाये. म्हणजे मंग आईनं तिकडं जायचं. याच्यात समजायले अवघड काय हाये? पण कोणी बोलावून नाही राह्यलं.

मी काही वाट पाहत नाही. मी तशी बाईच नाही.

निश्चय: आपण होऊन शब्द काढायचा नाही.

९ ऑक्टोबर, सकाळी
सलोनीचा व्हिडिओ कॉल. तोंड उतरलेलं. जेवली का म्हणलं. म्हणे नाही, गूस्टिंग नाही. मले वाटलं तिकडचं काही पथ्य असन. तर म्हणे हा डच भाषेतला शब्द हाये. पयला ग म्हणताना घशात खाकरायचं, फवारणीचं औषध नाकात गेल्यावर खाकरतो तसं. मी दोनदा खाकरलं तर ह्यांनी पाणी आणून देलं.

मतलब इचारला. म्हणे भूक वेगळी अन् गूस्टिंग वेगळी. पोट रिकामं असलं तरी गूस्टिंग नसू शकते. नुसती खायाचीच नाही, कामाची बी असते, हिंडायची बी, कोणासंग बोलायची बी. आतून वाटलं पायजे. वाटलं तर हव, नाही वाटलं तर नाही. अन् नाही म्हणलं का समोरचा काहून म्हणून इचारत नाही. विषय खतम.

मी म्हणलं आपल्यातही हाये असा शब्द. मंग सुचेना. इच्छा? ते मरताना इचारतात, शेवटची. हौस? ते लग्नातली, अन् ते बी दुसऱ्यानं पुरवायची. डोहाळे नऊ महिनेच चालतात. मन होते खरं, पण मन नाही म्हणून कोणाच्या भाकरी थापायच्या थांबल्या का? खुशी, माही सून, भांडे घासता घासता म्हणे, मूड. मूड हिरोइनीले असते, म्हणलं, तू घास.

अजून एक सांगितलं सलोनीनं. हा शब्द तिच्याच भागात चालते. बाजूच्या हॉलंड देशातबी डचच बोलतात, पण तिथं दुसरा शब्द हाये, अन् ह्यांचा आयकून ते हसतात म्हणे. जसे आपल्या मले-तुलेले पुण्यात हसतात. हे आयकलं अन् तो शब्द मले एकदम आपल्या घरचा वाटला.

१० ऑक्टोबर
रोज सकाळी योरिस तिले इचारते म्हणे, कॉफीची गूस्टिंग हाये का. ती नाही म्हणते. तो एकट्यापुरती करून पिते. असा नवरा.

पण जवाई वाईट नाही. लग्नाच्या टायमाले आलता तवा मी वावरात रोडगे केलते, गोवरीच्या आरात भाजून, संग वांग्याची भाजी. दोन झाल्यावर त्यानं ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडं आडव्या हाताचा अर्थ अजून वाढा असा होते, हे लेकराले बी माहीत हाये. मी वाढलं. त्यानं दोन्ही हात धरले. मी म्हणलं, किती लाजते. बोटाच्या फटीतून तूप सोडलं. सात रोडगे खाल्ले. दुसऱ्या दिवशी महागावले सलाइन लागलं. लोकं अजून माह्यावर ढकलतात. पाणी बदललं होतं.

सलोनीनं तवापासून त्यांच्या घरात नियम केला. एकदाच इचारायचं, जे उत्तर येईन ते खरं मानायचं. रोडग्याच्या भीतीनं कायदा केला पोट्टीनं.

१२ ऑक्टोबर
निश्चय. आजपासून हे घरबी गूस्टिंगनं चालन. तीस वर्षं आग्रह करून करून माहा घसा बसला. खुशीले समोर बसवलं अन् सांगितलं का एकदाच इचारायचं, नाही आलं का डब्याले झाकण लावायचं. ती म्हणे नक्की ना आई? म्हणलं दोनदा इचारू नको, नियम तोच हाये.

१३ ऑक्टोबर
ह्यांले इचारलं, चहा? म्हणे नको. नाही ठेवला. थोड्या वेळानं आत येऊन साखरेच्या डब्याकडं पाहून राह्यले. मंग ओट्यावर बसले. मंग उकंडा भाऊजीच्या घरी गेले अन् तिकडून पिऊन आले, मिशीले साय होती. तीस वर्षं नको म्हणायचं अन् प्यायचा, अशी सवय. माणसानं मनातलं खरं बोलायले काय होते म्हणते मी.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी
सोयाबीन निघालं. कापूस फुटून वावर पांढरं दिसून राह्यलं. सकाळी खुशी म्हणते, आई, आज वावरात यायची गूस्टिंग नाही. मी काहून म्हणलं. म्हणे काहून इचारायचं नसते. पोट्टी मोबाइल घेऊन पलंगावर लोळली दिवसभर.

वावरात बिजलीबाईले सांगितलं. बिजलीबाई तांड्यावरची, कापूस वेचायच्या बायांची मुकादम. पंधरा वर्षांपासून माह्या वावरात येते अन् पंधरा वर्षांपासून माह्यासंग भांडते. तिनं सगळं आयकून घेतलं अन् वेचणाऱ्या बायाइले हाक मारून म्हणे, बसा वं बाया, आज बेबीताईच्या वावरात गूस्टिंगवाल्यानंच वेचायचं हाये. सगळ्या बसल्या. मंग मले म्हणे, कापसाले इचारलं का ताई, त्याची फुटायची गूस्टिंग होती का नाही म्हणून.

बायाइले उठवायले अर्धा घंटा गेला.

शब्द चांगला हाये. पण थंड देशातला हाये. तिकडं कापूस पिकत नाही.

१७ ऑक्टोबर
नियमात दुरुस्ती. वावराच्या कामाले गूस्टिंग लागू नाही. भांड्याले बी नाही. पाहुण्याले, चहाले अन् जेवायले लागू. खुशीनं तोंड वाकडं केलं.

२१ ऑक्टोबर
दिवाळीचा कॉल. सगळे एकदम बोलून राह्यले. पिंटू, माहा पोरगा, पांढरकवड्याहून आलता, ट्रान्सपोर्टात हाये तिथं. त्यानं सलोनीले इचारलं, तुह्याजवळ मंग कोण राहीन? ती म्हणे पाहू, ठरलं नाही. मी चकल्या मोजत होती. मान वर नाही केली.

'ठरलं नाही' म्हणजे इचारणार हाये.

२९ ऑक्टोबर
नागपूरले जाऊन पासपोर्टचा अर्ज करून आली. कुठी जायचं म्हणून नाही. आधार असते, रेशनकार्ड असते, तसा घरात हाही एक कागद असावा. ह्यांनी कायले म्हणून इचारलं. म्हणलं, तुमचं वाहन लायसन हाये ना? तुम्ही चालवता का गाडी?

बोटाचे ठसे उमटत नव्हते. कापसाच्या बोंडाइनं बोटं फाटले. ठसे घेणाऱ्या पोरीनं चारदा पुसून घेतले.

७ नोव्हेंबर
पोलीस आलता चौकशीले. कोणत्या देशात जाऊन राह्यल्या, इचारलं. कुठीच नाही म्हणलं. मंग काहून काढता? म्हणलं तुमचं काम लिहायचं हाये, लिहा. चहा इचारला एकदा. नाही म्हणाला. नाही देला. जाताना दाराशी थांबून थांबून पाहत गेला.

१० नोव्हेंबर
डिंक आणला. खारीक, खोबरं, बाळंतशेपा. दिग्रसच्या बाजारात डिंक चांगला भेटला म्हणून आणला, चांगली वस्तू सोडू नाही. सासूबाईच्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवायले घेतली, लहान. मऊ कपडा पडून पडून खराब होते.

एक जाड स्वेटर बी घेतला. यंदा आपल्याकडं थंडी जास्त हाये.

खुशी म्हणे घामाची धार लागली तुमच्या मानेवर.

१५ नोव्हेंबर
आता पक्कं ठरवलं, कसं बोलायचं ते. पयल्यांदा इचारतील तवा सरळ नाही. कापसाचं काम सांगायचं. पयल्या हाकेले हव म्हणणारी बाई उतावळी दिसते, अन् मी पोट्टीची आई हाये, जवायाच्या घरी उतावळं दिसून चालत नाही. दुसऱ्यांदा म्हणतील तवा "पाहू बाप्पा, ह्यांचं खायाचं कसं होईन" असं. तिसऱ्यांदा मंग, "आता तुम्ही इतकं म्हणून राह्यले तर..."

माह्या लग्नाले माहा मामा असाच आलता. तिसऱ्या बोलावण्याले. मानानं आला अन् मानानं गेला.

बिजलीबाईसमोर करून दाखवलं. तिले म्हणलं तू योरिस हो. तिनं इचारलं, बेबीताई येता का? मी नाही म्हणलं. ती पदर खोचून कापूस वेचायले लागली. म्हणलं अवं पुढं इचार ना. म्हणे कायले? तुम्ही नाही म्हणल्या. म्हणलं दुसऱ्यांदा इचारायचं असते. म्हणे ते मले माहीत हाये ताई, मी इथची हाये. त्या उंट्याले माहीत हाये का?

जवाई हाये तो. मान राखणं त्याले कळते. सात रोडगे खाल्ले त्यानं मान राखायले.

२३ नोव्हेंबर, दुपारी
इचारलं!

त्यानं स्वतः इचारलं. सलोनी बाजूले बसली होती, पोट दिसायले लागलं. त्यानं कागदावर लिहून पाठ केलं होतं, मराठीत. एक एक शब्द दगडासारखा ठेवून बोलला: "आई, बाळाच्या वेळी तुम्हाला इथं यायची गूस्टिंग आहे का?"

तिथल्या तिथं हव म्हणावं वाटलं. पण मी पक्की बाई. म्हणलं, "नाही बाप्पा. कापूस हाये वावरात."

सलोनीनं त्याले डचमध्ये सांगितलं. त्यानं माह्याकडं पाहून मान हलवली, अंगठा वर केला अन् म्हणे, "ओके, आई."

मी थांबली. तोही थांबला. मंग त्यानं तिथं पाऊस पडून राह्यला ते सांगितलं. मंग मांजर दाखवलं. मंग कॉल बंद झाला.

पयलं झालं. बरोबर ठरल्यासारखं झालं. आता दुसरं आठ दिवसात येईन.

कागदाचे काम लांबतात, म्हणून आताच इचारून राह्यलो असं बी काही म्हणत होता. म्हणजे त्याले घाई हाये. म्हणजे आठ दिवस बी नाही लागाचे.

२७ नोव्हेंबर
कॉल आला. मांजराचंच बोलले.

१ डिसेंबर
आठ दिवस झाले. तिकडं दिवस उशिरा उगवते, तसा त्यांचा आठवडा बी लांबत असन.

बिजलीबाई रोज वावरात आल्या आल्या इचारते, दुसरं आलं का? मी तिच्यासंग बोलणं बंद केलं. संध्याकाळी पुन्हा सुरू केलं, कारण तिच्या बायाइशिवाय कापूस घरी येत नाही.

४ डिसेंबर
पासपोर्ट आला पोस्टानं. फोटोत मी कोणाले मारायले निघाल्यासारखी दिसते. सलोनीच्या व्हाट्सॲपवर त्याचा फोटो चुकून गेला. आतल्या पानाचा बी चुकून गेला. योरिसचा अंगठा आला. सलोनीनं लिहिलं, छान दिसते आई, पण पासपोर्ट कायले काढला? मी लिहिलं, असाच.

असाच कोणी काढते का? एवढी शिकली पोट्टी, एवढं समजू नाही?

९ डिसेंबर
आणखी इशारे देले. थंडीचा विषय काढला, स्वेटर दाखवला. डिंकाचा लाडू कॅमेऱ्यासमोर धरला. गोधडी धरली. योरिस म्हणे खूप सुंदर. म्हणलं इमानात वजन किती नेऊ देतात? म्हणे तेवीस किलो. म्हणलं बरं. म्हणे काहून? म्हणलं माहिती असावी माणसाले.

मी गोधडीची घडी हळूहळू घातली. आता इचारते, आता इचारते असं वाटलं. मंग त्याले ऑफिसचा फोन आला.

१२ डिसेंबर
आज ती एकटी होती. पाय सुजले म्हणे. मी पायाले तेल लावायचं सांगितलं. तेल कोण लावन म्हणे, माह्याच्यानं वाकवत नाही. मी म्हणलं, मंग कोणी पायजे ना जवळ. माह्या हिशोबानं दार पूर्ण उघडून देलं होतं. फक्त आत यायचं होतं तिनं.

तिचे डोळे भरले. म्हणे, "आई, तू नाही म्हणाली तवा मले पयले रडू आलं. मंग योरिस म्हणे, रडू नको, तुह्या आईनं आयुष्यात पयल्यांदा स्वतःच्या मनातलं सांगितलं असन, ते आपण मोडायचं नाही. मंग मले बरं वाटलं. आई, तू मले शिकवलं नाही ते तू स्वतः शिकली."

मी म्हणलं, हव.

फोन ठेवल्यावर कापसाच्या ढिगावर बसली. खुशी आली अन् म्हणे काय झालं आई? सरकी बोचली म्हणलं.

१३ डिसेंबर, सकाळी
आता कायले लाजायचं? निश्चय. सरळ सांगायचं: मले तिकडं यायचं हाये. चार शब्द. मी काही तोंड दाबून बसणारी बाई नाही. लाइनमन तीन दिवस डीपी दुरुस्त करत नव्हता तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या मायसमोर बोलली. सरपंचाले भर सभेत नळाचं इचारलं. सोयरिकीत लोकं माह्या तोंडाले भेतात. आपल्या पोट्टीसमोर चार शब्द काय जड हायेत?

१३ डिसेंबर, दुपारी
कॉल लावला. लागला नाही. बरं झालं, तिकडं तिची झोपायची वेळ असन.

१४ डिसेंबर
ती कामात असन.

१६ डिसेंबर
बोलली. म्हणजे तयारी पूर्ण होती. ती म्हणे बोल आई. मी म्हणलं, मले... ती म्हणे काय? म्हणलं, मले एक सांग, तुह्या सासूची येऊन राहायची गूस्टिंग हाये का नाही? असंच निघालं तोंडातून. विषय जवळ न्यायचा होता.

ती खूश झाली. म्हणे हव, लीव आई येऊन राह्यल्या. लीव म्हणजे योरिसची आई, माही इहीन. दोन घंट्याच्या अंतरावर राहते. म्हणे तुह्यासाठी ठेवलेली खोली आता त्यांले देली, डिलिव्हरीपासून महिनाभर. म्हणलं तुम्ही किती वेळा बोलावलं तिले? म्हणे बोलावलं नाही, त्यांनीच फोन करून सांगितलं का मले यायची लय गूस्टिंग हाये, येऊ का?

बिन बोलावता. एका फोनवर. स्वतःच्या तोंडानं!

मले जे समजलं ते इतकंच का तिकडं खोली होती. माह्यासाठी ठेवलेली.

१७ डिसेंबर
बिजलीबाईले सांगितलं. मले वाटलं हासन. हासली नाही. कापूस वेचत वेचत म्हणे, ताई, तुम्ही दुसऱ्याच्या 'नाही'ले कवा 'नाही' मानलं नाही, अन् आता तुमच्या 'नाही'ले एक माणूस 'नाही' मानून बसला तर तुमाले सहन होऊन नाही राह्यलं.

तिले काय कळते? चवथी बी पास नाही.

२ जानेवारी
लाडू दीडशे झालते. पार्सलनं पाठवायचं म्हणलं तर सलोनी म्हणे नको आई, तिकडून खायाचं येऊ देत नाहीत. मंग घरीच खायाले काढले. ह्यांले दोन किलो वजन चढलं. मी एकबी खाल्ला नव्हता, मन नव्हतं.

आज दुपारी भाकरी खाऊन बसली तर खुशीनं डबा समोर धरला. आई, लाडू? म्हणलं नको. तिनं झाकण लावलं. डबा उचलून फळीवर ठेवला, अन् गेली.

मी बसूनच राह्यली. ताजं तूप होतं त्याच्यात. वास येत होता. पुन्हा इचारन म्हणून दाराकडं पाहत होती. नियमाची पक्की हाये पोट्टी. मीच बसवला होता तो नियम.

तिनं डबा वरच्या फळीवर ठेवला. माहा हात पुरत नाही तिथं.

३ जानेवारी
नियम बंद. घरातल्या सगळ्याइले कळवलं. पयल्यासारखा आग्रह सुरू. ह्यांनी एका दिवसात चार चहा पिले अन् चारही वेळा नको म्हणले.

लाडू अजून कोणी इचारला नाही.

१८ फेब्रुवारी
मोठा निश्चय. आता रडत बसायचं नाही. एकदा ना एकदा तो पुन्हा इचारनच. बारसं राहते, जावळ राहते, पयला वाढदिवस राहते. अन् या खेपेले दुसरं-तिसरं काही नाही, एका झटक्यात हव म्हणायचं. लीवबाई म्हणू शकते तर मी काय कमी हाये?

सराव सुरू. रोज गाईले चारा टाकताना पंचवीस वेळा हव. गाय मान वर करून पाहते.

२७ फेब्रुवारी, सकाळी
पोट्टी झाली. साडेतीन किलो. दोघी चांगल्या हायेत. नाक माहं हाये, सगळे म्हणून राह्यले. योरिस रडत होता, उंच माणूस रडताना वाकते. लीवबाईनं बाळ धरलं होतं. धरायची पद्धत बरोबर नव्हती, डोक्याखाली हात जरा वर पायजे होता. मी सांगितलं. सलोनीनं तिले ते सांगितलं नाही, मले समजलं.

गावात पेढे वाटले. बिजलीबाईनं दोन घेतले, अन् तिसरा मी बळजबरी तोंडात घातला. तिनं खाल्ला. मले बरं वाटलं.

१५ मार्च, सकाळी
कापूस संपला. वावरात पऱ्हाटीची सुकलेली झाडं उपटून झाली. म्हणजे सांगायले काम बी नाही. हे चांगलं हाये.

आज बाळाले पाहायचा कॉल हाये. मले आतून वाटून राह्यलं का आज इचारन. लीवबाई महिना भरला का वापस जाणार, खोली रिकामी होणार. पेननं तळहातावर हव लिहून ठेवलं, मोठ्या अक्षरात. खुशी मोबाइल धरणार हाये, तिले सांगितलं मी अडखळली तर माह्या हाताकडं बोट दाखव.

१५ मार्च, दुपारी
लिहूनच टाकते.

बाळ झोपलेलं होतं. गोधडी तर इथंच राह्यली, तिच्या अंगावर दुकानातलं पांघरूण होतं. योरिस आला. कागद हातात होता, नवा. सलोनीनं काही सांगितलेलं दिसलं नाही, त्याचं त्यानंच लिहिलं होतं. म्हणे, "आई, बाळाला भेटायला जुलैमध्ये यायची गूस्टिंग आहे का?"

खुशीनं बोट दाखवलं. मी तळहात पाह्यला. अक्षर साफ होतं. हे बी मागं येऊन उभे राह्यले.

अन् माहं तोंड. पंचावन्न वर्षाचं तोंड. गाईसमोर पंचवीस वेळा म्हणणारं. म्हणलं, "जुलैमंधी? नाही बाप्पा, पेरणी असते."

योरिसनं मान हलवली. कागदाची घडी केली. खिशात ठेवला.

"ओके, आई."

खुशीनं माह्याकडं पाह्यलं, मंग ह्यांच्याकडं. हे म्हणे, अवं पेरणी जूनमंधीच होते. मी म्हणलं तुमाले काय समजते.

बिजलीबाई सरपणाले पऱ्हाटीच्या काड्या न्यायले आलती, ओट्यावर उभी होती. तिनं सगळं आयकलं. डोक्यावर भारा घेतला अन् फाटकापाशी वळून इतकंच म्हणे, हात धुवा ताई, शाई पोटात जाते.

तर ह्या हिशोबानं दुसरं झालं. ठरल्यापरमानेच चाललं हाये, वेळ जास्त लागून राह्यला इतकंच. आता फक्त तिसरं राह्यलं.

गोधडी डांबरगोळ्या टाकून पेटीत ठेवली. पासपोर्ट तिच्या घडीत. दहा वर्षं चालते म्हणतात.